कंद झोपलाय की संपलाय? सह्याद्रीतली हरवलेली झाडं

पायवाट
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

माझं आजोळ भोर तालुक्यात. गावामागून डोंगराची एक सोंड चढत जाते आणि कड्याला भिडते. कड्याच्या पायथ्याला गवताचा तिरका उतार आहे, पावसात तिथे सरळ उभं राहणंही कठीण. २०११ च्या श्रावणात मामेभावाबरोबर तिथून जाताना माझा पाय घसरला. बसकण मारली ती नेमकी एका कंदिलासमोर. वीतभर उंचीचं ताठ रोप, पानाच्या बेचक्यातून निघालेलं एकच फूल. खाली फुगीर तळ, त्यावर बारीक नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. बाहेरून पांढरट हिरवं, आत जांभळे ठिपके. आकाशकंदील कुणीतरी बोटाच्या पेराएवढा करून ठेवावा तसं. आजूबाजूला शोधलं तर आणखी दहा रोपं मिळाली.

फोटो जाणकारांना दाखवले. कंदीलपुष्पाची, म्हणजे सेरोपेजियाची, एक दुर्मिळ जात निघाली. कुठली ते इथे मुद्दाम लिहीत नाही. पुढे २०१२, २०१४ आणि २०१७ ला पुन्हा गेले, प्रत्येक वेळी भेट झाली. गेली तीन वर्षं मात्र एकही रोप नाही. पहिल्या वर्षी वाटलं पाऊस उशिरा आला. दुसऱ्या वर्षी वाटलं आपली जागा चुकली. तिसऱ्या वर्षी मोबाइलमधला जुना फोटो समोर धरून, त्याच दगडाशेजारी उभी राहिले. दगड होता, शेजारी गवत होतं, बाकी काही नाही.

ओळखीतले एक डोंगरभटके म्हणाले, "गेली ती. नामशेष समज आणि सोडून दे." मला ते सोडवत नाही. एखादं झाड संपलं असं नेमकं कधी म्हणायचं? आणि तोवर आपण काय करायचं?

मोरपंखी
खूप आतून लिहिलं आहेस गं. वाचतेय. उत्तर माझ्याकडे नाही, पण जाणकार येतीलच.

सुकेपान
पायवाटताई, माझी उमेदीची सगळी वर्षं वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. धोक्यातल्या सजीवांच्या जागतिक लाल यादीच्या नियमांप्रमाणे एखादी जात नामशेष म्हणायची तर तिचं शेवटचं रोप मेलं आहे याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये. त्यासाठी ती जिथे होती आणि जिथे असू शकते अशा सगळ्या जागा, योग्य ऋतूत, पुरेशी वर्षं धुंडाळाव्या लागतात. यातला 'योग्य ऋतूत' हा शब्द आपल्याकडे फार महत्त्वाचा. कंदीलपुष्पं वर्षातले जेमतेम तीन-चार महिने जमिनीवर दिसतात. दसऱ्यानंतर वरचा भाग वाळून जातो आणि कंद जमिनीत पडून राहतो. डिसेंबरात जाऊन "काही नाही" असं नोंदवलं तर त्या नोंदीला अर्थ नाही. शिवाय ऐन पावसातही कंद कधीकधी वर येत नाही, किंवा आलेला कोंब कुणीतरी खाऊन टाकतं. रुईवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांना या कुळातली पानं आवडतात. सायाळ आणि रानडुक्कर कंदच उकरतात. तुमची तीन वर्षं वाईट आहेत, पण तेवढ्यावरून मी शिक्का मारणार नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या मातीत घडलेली आहे. १९१९ साली सेज्विक नावाचे एक सनदी अधिकारी आणि बेल नावाचे वनाधिकारी यांनी शरावतीच्या गिरसप्पा धबधब्यापाशी, म्हणजे आपण ज्याला जोग म्हणतो तिथे, एक नाजूक गवत गोळा केलं. धबधब्याच्या तुषारांनी कायम ओल्या असलेल्या कातळावर ते वाढत होतं. कागदावर चिकटवलेले ते नमुने तीसेक वर्षं तसेच राहिले. पुढे बोर या गवततज्ज्ञांना ते अगदीच वेगळं दिसलं, आणि त्यांनी त्यासाठी नवी प्रजातीच (जवळच्या जातींचा गट, जातीच्या वरची पायरी) केली. लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानातले गवततज्ज्ञ हबर्ड यांच्या नावावरून हबार्डिया, आणि पुढे हेप्टान्यूरॉन, म्हणजे सात शिरांचं.

तोवर शरावतीवर वीजनिर्मिती सुरू झाली होती. १९६४ साली लिंगनमक्कीचं धरण झालं आणि जोगचं पाणी पावसाळा सोडला तर धारेपुरतं उरलं. तुषार गेले, ओला कातळ सुकला. नंतर शोधायला गेलेल्यांना गवत मिळालं नाही. दुसरी जागा कुणाला माहीत नव्हती, म्हणून ते नामशेष धरलं गेलं. अख्खी प्रजाती, कारण तिच्यात तेव्हा ही एकच जात होती.

आणि मग ऐंशीहून अधिक वर्षांनी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते तिलारीच्या घाटात, चंदगड तालुक्यात सापडलं. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नदीवर, तसाच पाणी झिरपणारा कडा होता. त्यांनी ते वाढवलं आणि मिळत्याजुळत्या इतर जागी लावूनही पाहिलं. पुढे त्याच तिलारीच्या परिसरातून याच प्रजातीची दुसरी जातसुद्धा त्यांनी नोंदवली. जिला संपलेली म्हणत होतो, तिची बहीणसुद्धा तिथेच होती.

चंदगडी
सुकेपान सर, आमच्या तालुक्याचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं बघा. तिलारीच्या त्या कड्यांवर पावसाळ्यात जाणं सोपं नाही. धुकं असं की पुढच्याची पाठ दिसत नाही, आणि जळवा तर विचारूच नका. त्यात शेवाळ्याबरोबर वाढलेलं बोटभर गवत वेगळं काढून ओळखायचं म्हणजे नजर तयार असावी लागते. मी ते पाहिलंय, एका अभ्यासक मित्रानं दाखवलं म्हणून. एकटा गेलो असतो तर त्यावर हात टेकून पुढं सरकलो असतो. इतकं पातळ पान, की प्रत्येकावर थेंब धरलेला आणि थेंबाच्या वजनानं पान वाकलेलं. वारा आला की सगळा कडा थरथरतो.

माझी काळजी वेगळीच. हल्ली पावसाळ्यात धबधबा दिसला की गर्दी. लोक ओल्या कातळावर चढतात, घसरतात, शेवाळं खरवडून निघतं. त्या शेवाळ्यातच हे सगळं आहे.

वाटाड्या
सुकेपान, एक शंका. १९१९ ते नंतरचं सगळं ठीक, पण मधल्या काळात तिलारीला कुणी गेलंच नाही का? इतकं का उशिरा सापडलं?

सुकेपान
गेले असतीलही. पण गवत हा विषय फार थोड्यांचा. फुलं बघणारे शंभर असतील तर गवत बघणारा एखादा. आणि जुन्या नोंदींचा घोळ हे दुसरं कारण. एकोणिसाव्या शतकात स्टॉक्स, लॉ अशा मंडळींनी आपल्याकडून गोळा केलेले कितीतरी नमुने क्यूला गेले आणि त्यांवरच्या चिठ्ठीवर जागा लिहिली 'मलबार, कोकण'. एवढंच. आता कोकण म्हणजे डहाणू की वेंगुर्ला? घाटमाथा की किनारा? अशा चिठ्ठीवरून झाड शोधायला निघणं म्हणजे पत्त्यावर फक्त 'पुणे' लिहिलेलं पत्र घेऊन माणूस शोधण्यासारखं आहे. काही झाडं नामशेष वाटली ती निव्वळ चिठ्ठी अपुरी होती म्हणून.

महाबळेश्वरचा एक नागदवण्याच्या कुळातला कांदा घ्या, क्रायनम वूड्रोवाय. वूड्रो हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत, त्यांचं नाव बेकर यांनी या जातीला दिलं. त्यानंतर साधारण शंभर वर्षं पत्ता नाही. पुन्हा मिळाला तो महाबळेश्वरलाच, केट्स पॉइंटच्या बाजूला, जिथे वर्षभर सहली येतात. लाखो माणसं शेजारून गेली असतील.

थेम्सकाठ
सुकेपान काकांनी क्यूचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मी लंडनजवळ राहते, वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, पण बाग हा जीव की प्राण. तिथल्या मूळ नमुन्यांचे फोटो आता घरबसल्या संगणकावर बघता येतात. एका रात्री सह्याद्रीतल्या झाडांचे नमुने उघडून बसले होते. तपकिरी पडलेलं रोप, कोपऱ्यात दौतीच्या शाईतलं अक्षर, आणि त्यात 'पूना', 'खंडाला' अशी आपली गावं. डोळ्यात पाणी आलं. आपल्या डोंगरावरचं झाड दीडशे वर्षं इथे कपाटात आहे आणि डोंगरावर ते आहे की नाही हे कुणाला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट. इथल्या एका निवडुंगप्रेमीकडे मी चक्क आपल्या शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी कुंडीत पाहिली. फ्रेरिया इंडिका म्हणून पाटी होती. त्यांना शिवनेरी कुठे आहे हेही माहीत नव्हतं. छाटणीवरून सहज लागते म्हणाले.

जुन्नरी
थेम्सकाठ ताई, माकुडीचं नाव काढलंत, आता मला राहवत नाही.

डाल्झेल यांनी १८६५ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. आमच्या जुन्नर भागातलं झाड. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची प्रजाती एकाहून अधिक वेळा बदलली, पण आमच्यासाठी ती माकुडीच. जाडजूड मांसल खोड, कड्याच्या भेगेतून खाली लोंबणारं. पावसात पानं येतात. तिच्या जवळच्या नात्यातल्या मांसल खोडाच्या झाडांना अशी नीट पानं येत नाहीत, म्हणून अभ्यासकांना तिचं फार अप्रूप. फूल चांदणीसारखं, गडद लाल-किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके. कुठल्याही दागिन्यात असा रंग बघितला नाही मी. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर ती टिकून आहे. जगातल्या सर्वात धोक्यातल्या वनस्पतींच्या याद्या झाल्या तेव्हा त्यांत तिचं नाव होतं.

माझी आजी तिची खोडं मीठ लावून खायची. "रानात गेलं आन् तहान लागली की माकुडी मोडायची," असं सांगायची. म्हणजे तिच्या लहानपणी हाताला येईल अशा जागी होती. आज दुर्बीण लागते. हाताला येणारी सगळी गेली, उरली ती वणवा, शेळी आणि माणूस पोचत नाही तिथली.

ताई, तुमच्या त्या गृहस्थांच्या कुंडीबद्दल मला राग नाही. पण कुंडीतली माकुडी म्हणजे माकुडी वाचली असं नव्हे. तिथे तिची माशी नाही, तिचा कातळ नाही, एका तुकड्यापासून केलेली शंभर रोपं म्हणजे एकच झाड शंभर वेळा.

गडवाट
जुन्नरी दादा, एक कळीचा मुद्दा. आम्ही गडांवर श्रमदान करतो. तटाबुरुजातले पिंपळ-उंबर काढावेच लागतात, मुळं दगड फोडतात. पण काही वर्षांपूर्वी एका गडावर (नाव लिहीत नाही) उत्साहाच्या भरात एका गटानं तटाखालचा कातळ पार घासून स्वच्छ केला. नंतर एका अभ्यासकानं जुना फोटो दाखवला, त्याच कातळावर माकुडी होती. काढणाऱ्यांनी ती जंगली निवडुंगाची फांदी समजून फेकली असणार. मी त्या दिवशी तिथे होतो, पाणी वाहून देत होतो. ते अजून मनाला लागून आहे. आता आमच्या मोहिमेत नियम आहे: तटावरचं पिंपळ-उंबरासारखं झाड काढायचं, कड्यावरच्या कशालाही हात लावायचा नाही, आणि आधी जाणकाराला एक फेरी मारू द्यायची.

वाटाड्या
मला एक सुचतंय. पायवाट, तुम्ही जागेचा नकाशा इथे टाका. आपण वीस-पंचवीस जण एका रविवारी जाऊन सगळा उतार पिंजून काढू. आणि एखादं रोप मिळालं तर कंद काढून सुरक्षित ठिकाणी लावू. वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

सुकेपान
वाटाड्या, तुमची तळमळ कळते, पण कृपा करून दोन्ही करू नका. पंचवीस जणांचे पन्नास पाय त्या तिरक्या उतारावर फिरले तर जे शोधायला गेलात तेच चिखलात जाईल. आणि कंद उकरला की त्या जागेची शेवटची आशा उकरली. वनखात्याच्या जमिनीवर तर परवानगीशिवाय हे करताच येत नाही. खरोखर संवर्धन करायचं तर बी घ्यायचं, तेही थोडं, आणि ते ज्यांच्याकडे अनुभव आणि परवानगी दोन्ही आहे अशा विद्यापीठाकडे किंवा संस्थेकडे द्यायचं.

जागेबद्दल तर बोलायलाच नको. धोक्यातल्या जातींची नोंद करताना मोठी संकेतस्थळंसुद्धा अचूक ठिकाण झाकून मोघम दाखवतात. एकदा फोटोवर 'अमुक गडाच्या अमुक दरवाज्याच्या डावीकडे' असं लिहिलं की पुढच्या रविवारी कॅमेरे येतात, आणि त्यामागून पिशव्या.

वाटाड्या
पटलं. नकाशाचं मागणं मागे घेतो.

आंबाघाट
सुकेपान सर, आमच्या सोनघंटेबद्दल कुणी काही बोललं नाही, म्हणून मी लिहितो. अब्युटिलॉन रानडेई. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा वनस्पतिसंग्रह सांभाळणारे ना. भि. रानडे, त्यांचं नाव मिळालेलं झाड. १८९४ साली वूड्रो आणि स्टाप्फ यांनी वर्णन केलं, जागा आंबा घाट. इंग्रज साहेबांच्या नावांच्या गर्दीत एका मराठी संग्रहपालाचं नाव डोंगरातल्या झाडाला लागलं, याचा मला फार अभिमान वाटतो. नंतर कित्येक वर्षं तिचीही नोंद जवळपास नव्हती. ती गेली अशीच भीती होती. पुढे घाटातल्या कड्यांवर पुन्हा दिसली.

सुकेपान
आंबाघाट, छान आठवण. एकच दुरुस्ती: रानड्यांचं आद्याक्षर 'ना. भि.' असं मी खात्रीनं म्हणणार नाही, आपण नुसतं 'रानडे' म्हणू. बाकी तंतोतंत.

आंबाघाट
बरोबर सर. घाईत लिहिलं, क्षमस्व.

जुन्नरी
पायवाट, तुमच्या उताराबद्दल विचार करत होतो. तिथे पूर्वी गुरं चरायची का? आमच्याकडे गुरं कमी झाली तसं गवत कमरेएवढं वाढायला लागलं. त्यात वीतभराचं रोप दिसणार कसं आणि त्याला ऊन मिळणार कसं? दुसरं, गवत कापतात कधी? कंदीलपुष्पाला शिंगांसारखी जोडशेंग येते. ती तडकली की आतून बिया निघतात, प्रत्येकीला रेशमी केसांचा झुबका, अगदी रुईच्या म्हातारीसारखा. त्या उडायच्या आधी विळा लागला तर पुढच्या पिढीचं बी भाऱ्यात बांधून गोठ्यात जातं. मामांना विचारून बघा.

पायवाट
जुन्नरी दादा, किती नेमकं विचारलंत. मामांना फोन केला. गुरं पूर्वी चाळीसेक होती, आता घरात एक म्हैस. आणि गवत पूर्वी दिवाळीच्या आसपास कापायचे, आता मजूर मिळतो तेव्हा, कधीकधी ऐन भाद्रपदात. मी इतकी वर्षं फक्त फूल बघायला गेले, शेंगेचं काय होतं हे कधी विचारलंच नाही.

शिवाय माशीबद्दल एक सांगायचं राहिलं. २०१४ ला छत्री धरून दोन तास एकाच फुलासमोर बसले होते. तिळाएवढी माशी पिंजऱ्यातून आत शिरली आणि नळीतून खाली गेली. नळीत आतले केस खालच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे आत जाता येतं, परत येता येत नाही. तळाच्या फुगीर खोलीत ती अडकून राहते. फूल कोमेजायला लागलं की केस मऊ पडतात आणि माशी सुटते, ती परागांची पिशवी तोंडाला चिकटवून घेऊनच. मग दुसऱ्या फुलात शिरून तेच. म्हणजे दुसरं फूल जवळपास असायला हवं. एकटं उरलेलं रोप फुललं तरी माशीला न्यायला घर नाही.

सुकेपान
हे तुम्ही स्वतः पाहिलंत, ते लिहून ठेवा, तारखेसकट. अशा नोंदी फार कमी आहेत.

मोरपंखी
जाशील का गं यंदा?

पायवाट
(सप्टेंबरमधली भर)

जाऊन आले. मी आणि मामा, दोघंच. मामांचं वय पासष्ट, पण त्या उतारावर ते माझ्यापुढे. मी नेहमीच्या दगडाशी गेले, तिथे काहीच नव्हतं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मामा म्हणाले, "तू लहान होतीस तवा आम्ही खर्पुडीचा कंद काढायला हितं नाय, त्या खालच्या टप्प्यावर जायचो." हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. खर्पुडी म्हणजे गावाकडे कंदीलपुष्पच, पण त्यांची खर्पुडी आणि माझी जात एकच का, ठाऊक नाही.

खालच्या टप्प्यावर कातळाची एक पायरी आहे, तिथे माती कमी म्हणून गवत खुरटं. दीड तास गुडघ्यांवर होते. आधी पानं दिसली, समोरासमोर, अरुंद. हाताला घाम फुटला. तीन रोपं. फूल एकालाही नव्हतं, मोसम सरत आलेला. पण एका दांड्यावर शिंगांची जोडी होती, हिरवी, बोटभर लांब.

फूल नसताना जात सांगता येणार नाही, हे सुकेपान काका म्हणतीलच, आणि मीही म्हणत नाहीये. पुढच्या श्रावणात फुलं बघितल्यावरच बोलेन. बी काढलं नाही. मामांनी त्या पट्ट्यातलं गवत दसरा होईपर्यंत कापायचं नाही असं गड्याला सांगितलं आणि कातळाच्या कडेला चार दगड रचून ठेवले, त्याला कळावं म्हणून.

फोटो एकच टाकतेय, मागचा डोंगर दिसणार नाही असा.